शहराचा पायी-सायकल आराखडा अद्ययावत करायचा आहे? अनुदानाच्या अर्जाची तयारी अशी करा

पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकल चालवणाऱ्यांसाठी शहराने कधीतरी एक आराखडा केलेला असतो. दहा-बारा वर्षांनी तो उघडला, की त्यातले काही रस्ते रुंद झालेले दिसतात, शाळा दुसरीकडे गेलेल्या असतात, नवी वस्ती नकाशात नसतेच आणि तुटक रेषांनी दाखवलेले सायकल मार्ग अजूनही तुटक रेषाच असतात. नवा आराखडा हवा, यावर बहुतेकांचं एकमत होतं. पैसे कुठून आणायचे, इथे गाडं अडतं.

पालिकेच्या ज्या अभियंत्याच्या किंवा नियोजकाच्या टेबलावर हे काम पहिल्यांदाच येऊन पडलं आहे, त्याच्यासाठी आणि पालिकेच्या मागे लागून हे काम करून घेणाऱ्या नागरिक गटांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट पहिल्यापासून लक्षात ठेवा. निधी देणाऱ्याला छापील पुस्तकात रस नसतो. त्या आराखड्यामुळे शहराला कोणते निर्णय घेता येतील, जे आज घेता येत नाहीत, एवढंच तो पाहतो. अर्जातला प्रत्येक परिच्छेद या प्रश्नाला धरून असला पाहिजे.

१. जुन्या आराखड्याचा हिशेब मांडा

बहुतेक अर्ज 'आमचा आराखडा जुना झाला आहे' या वाक्याने सुरू होतात आणि तिथेच कमकुवत होतात. जुना म्हणजे काय? त्यातली किती कामं झाली, किती राहिली आणि का राहिली? याचं उत्तर एका तक्त्यात असलं, तर अर्धा अर्ज तिथेच लिहून होतो. ज्यांच्याकडे वेळ फार थोडा आहे, त्यांनीही ही पायरी गाळू नये.

जुन्या आराखड्यातलं प्रत्येक काम एका ओळीत घ्या. रकाने एवढे पुरतात: कामाचं ठिकाण, प्रकार, लांबी, रस्ता कोणाच्या ताब्यात, सद्यस्थिती, न होण्याचं कारण, आजही गरज आहे का. सद्यस्थितीसाठी चारच शब्द ठेवा: पूर्ण, अर्धवट, सुरू नाही, कालबाह्य. कारणांचीही ठरावीक यादी करा: निधी नव्हता, जागा नव्हती, रस्ता दुसऱ्या खात्याचा, स्थानिकांचा विरोध, जबाबदारी कोणावरच नव्हती, मानक बदललं. कारणं मोकळेपणाने वाक्यांत लिहिलीत तर शेवटी बेरीज करता येत नाही. ठरावीक शब्द असले, की 'न झालेल्या कामांपैकी निम्म्याहून जास्त कामं रस्ता दुसऱ्या खात्याचा असल्यामुळे अडली' असं ठामपणे म्हणता येतं. मग नव्या आराखड्यात त्या खात्याबरोबर करार करण्याचं काम का धरलं आहे, हे परीक्षकाला वेगळं समजवावं लागत नाही.

तक्ता कार्यालयात बसून भरू नका. 'पूर्ण' म्हणून नोंदलेला फुटपाथ जागेवर जाऊन चालून पाहा. मधोमध विजेचा डीपी असतो, उतार संपतो तिथे नऊ इंचाची पायरी असते, चेंबरचं झाकण खचलेलं असतं. अशी कामं 'अर्धवट' मध्ये जातात. चाकाची खुर्ची वापरणारी किंवा पांढरी काठी घेऊन चालणारी व्यक्ती सोबत असेल, तर एका फेरीत जे दिसतं ते दहा फोटोंत दिसत नाही.

लांबी मोजताना हमखास होणारी चूक म्हणजे एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजू मोजून मार्गाची लांबी दुप्पट दाखवणं. रस्त्याच्या मध्यरेषेवर एकदाच मोजा आणि तसं लिहून ठेवा. नुसत्या पांढऱ्या पट्ट्याचा सायकल मार्ग आणि कठडा किंवा उंचवटा देऊन वेगळा केलेला मार्ग यांची बेरीजही एकत्र करू नका.

मानकं बदलणं हेही आराखडा नव्याने करण्याचं सबळ कारण आहे. इंग्लंडमध्ये जुलै २०२० मध्ये सायकल सुविधांच्या रचनेची नवी मार्गदर्शिका आली, तेव्हा त्याआधीच्या आराखड्यांतले पट्टे ओढून केलेले किंवा पादचाऱ्यांच्या वाटेवरच सायकली सोडणारे कितीतरी मार्ग तिच्या कसोटीला उतरेनात. भारतात इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०३ क्रमांकाच्या, पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेची सुधारित आवृत्ती २०१२ मध्ये आली. तिच्यात चालायला मोकळी अशी किमान १.८ मीटर रुंदी सांगितली होती. त्याआधीच्या आराखड्यातला दीड मीटरचा फुटपाथ कागदावर पूर्ण असला तरी मानकाप्रमाणे अपुरा ठरतो. तुमच्या ठिकाणी जे मानक लागू आहे, त्याचं नाव आणि साल अर्जात लिहा.

२. कोणत्या खिशातून पैसे मागायचे ते ठरवा

आराखड्याला पैसे देणारे निधी आणि बांधकामाला पैसे देणारे निधी वेगळे असतात. क्वचित एकाच योजनेत दोन्ही खिडक्या असतात, पण नियम वेगवेगळे. अमेरिकेच्या २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातून आलेल्या 'सेफ स्ट्रीट्स अँड रोड्स फॉर ऑल' या योजनेत २०२२ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ५ अब्ज डॉलर ठेवले गेले. तीत आराखडा आणि प्रात्यक्षिकासाठी एक प्रकार आहे, प्रत्यक्ष कामांसाठी दुसरा. कॅनडाचा सक्रिय वाहतूक (म्हणजे चालणं, सायकल वगैरे) निधी ४० कोटी डॉलरचा, पाच वर्षांचा होता. त्यात नियोजनाच्या प्रकल्पांना ५०,००० डॉलरची मर्यादा होती, बांधकामाला कितीतरी जास्त. ही उदाहरणं देण्याचं कारण एवढंच, की योजनेचं नाव ऐकून अर्ज लिहायला बसू नये. आपल्याला कोणती खिडकी लागू आहे ते सूचनापत्रात आधी शोधावं.

नावात 'चालणं' किंवा 'सायकल' नसलेले निधीही पाहा. रस्ता सुरक्षा, हवा आणि हवामान, सार्वजनिक आरोग्य, शाळेची सुरक्षित वाट, स्थानकापर्यंतची शेवटच्या टप्प्याची जोडणी या सगळ्यांत आराखड्याचा काही भाग बसतो. मात्र प्रत्येक निधीची स्वतःची चौकट असते. वर सांगितलेल्या अमेरिकी योजनेला 'सुरक्षा कृती आराखडा' हवा असतो आणि त्याचे घटक ठरलेले आहेत: नेतृत्वाची बांधिलकी, अपघातांचं विश्लेषण, लोकसहभाग, प्रगतीचा जाहीर हिशेब वगैरे. पायी-सायकल आराखड्याला नुसतं वेगळं शीर्षक देऊन तिथे पाठवलं, तर तो बाद होतो. घटक खरोखर घ्यायचे असतील तर कामाच्या व्याप्तीतच घ्या.

योजना निवडताना चार प्रश्नांची उत्तरं सूचनापत्रातून लिहून काढा. अर्जदार कोण असू शकतो? (अनेकदा फक्त शासकीय संस्था. नागरिक गटाला भागीदार म्हणूनच यावं लागतं.) किमान आणि कमाल रक्कम किती? स्वहिस्सा, म्हणजे अर्जदाराने स्वतः घालायचा वाटा, किती टक्के आणि कोणत्या रूपात? काम किती महिन्यांत संपवायचं? उत्तर सापडलं नाही तर निधी देणाऱ्याच्या अधिकाऱ्याला लेखी विचारा. फोनवर मिळालेलं उत्तर वर्षभराने लेखापरीक्षकापुढे ठेवता येत नाही.

३. अंतिम तारखेपासून उलटं मोजा

बारा आठवडे हातात असतील तर काम नीट होतं. सहा असतील तर होतं, पण ओढाताण होते. त्याहून कमी असतील आणि पुढची फेरी वर्षभरात येणार असेल, तर थांबून पायरी १ आणि ५ पूर्ण करणं जास्त शहाणपणाचं.

वेळ लिखाणात जात नाही, सह्यांमध्ये जातो. बहुतेक निधींना सर्वसाधारण सभेचा किंवा स्थायी समितीचा ठराव लागतो: अर्ज करायला मंजुरी, स्वहिस्स्याची हमी, सही करणाऱ्या अधिकाऱ्याला अधिकार. सभा महिन्यातून एकदा असेल आणि विषयपत्रिका दोन-तीन आठवडे आधी बंद होत असेल, तर ठरावाची टिपणी अंतिम तारखेच्या किमान सात-आठ आठवडे आधी वर जायला हवी. तोवर अर्जाचा आकडा पक्का नसतो, म्हणून ठरावात 'कमाल इतक्या रकमेपर्यंत' असं लिहून घ्या. नेमका आकडा टाकलात आणि नंतर बजेट बदललं, तर ठराव पुन्हा न्यावा लागतो.

दुसरा अडसर ऑनलाइन नोंदणीचा. अमेरिकेच्या संघीय अनुदानासाठी 'सॅम डॉट गव्ह' वर संस्थेची नोंदणी लागते, ती दरवर्षी नूतनीकरण करावी लागते आणि नव्याने करायची असेल तर काही आठवडेही लागू शकतात. इतर देशांच्या पोर्टलांवरही डिजिटल सही, अधिकृत ईमेल, बँक खात्याची पडताळणी यांत दिवस जातात. लॉगिन कोणाच्या नावावर आहे ते पहिल्याच आठवड्यात तपासा. बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी जात असेल, तर शेवटच्या संध्याकाळी काही करता येत नाही.

४. स्वहिस्सा: टक्के कशाचे ते पाहा

अनुदान ८० टक्के आणि स्वहिस्सा २० टक्के असेल, तर हे २० टक्के बहुधा एकूण खर्चाचे असतात, अनुदानाच्या रकमेचे नव्हे. समजा ८० लाखांचं अनुदान मागायचं आहे. ८० लाखांचे २० टक्के म्हणजे १६ लाख धरले, तर एकूण ९६ लाख होतात आणि तुमचा हिस्सा १६.६७ टक्केच भरतो. अर्ज छाननीतच बाद. बरोबर हिशेब असा: ८० भागिले ०.८० म्हणजे एकूण १०० लाख, म्हणून स्वहिस्सा २० लाख. हा हिशेब दोघांनी स्वतंत्रपणे करावा.

स्वहिस्सा रोख असू शकतो किंवा वस्तू-सेवांच्या रूपात. कर्मचाऱ्यांचे तास, सभागृह, स्वयंसेवकांनी केलेली मोजणी हे धरता येत असेल, तर तासाचा दर कसा काढला ते लिहा आणि पहिल्या दिवसापासून हजेरीपत्रक ठेवा. एकच तास दोन अनुदानांत दाखवता येत नाही. एका केंद्रीय निधीचा हिस्सा दुसऱ्या केंद्रीय निधीतून भरणंही बहुतेक ठिकाणी चालत नाही.

लेखा विभागाला दोन गोष्टी आधीच सांगा. बरीच अनुदानं परताव्याच्या स्वरूपात असतात. आधी पालिकेने खर्च करायचा, मग बिलं लावून मागायचा. म्हणजे दोन-तीन महिन्यांचा खर्च पालिकेच्या तिजोरीतून पुढे करायची तयारी लागते. आणि करारावर सह्या होण्याआधी केलेला खर्च साधारणपणे धरला जात नाही. निकाल जाहीर झाल्याच्या आनंदात सल्लागाराला कार्यारंभ आदेश दिला आणि करार दोन महिन्यांनी झाला, तर त्या दोन महिन्यांची बिलं पालिकेच्या अंगावर येतात. ही चूक वारंवार होते.

५. आकडे गोळा करा, पण जे लागतात तेच

आराखडा करण्यासाठीच पैसे मागतो आहोत, तर आकडे आत्ताच कशाला, असं वाटणं साहजिक आहे. सविस्तर सर्वेक्षण अनुदानातून होईल. अर्जाला मात्र समस्या दाखवणारे थोडे, पण खणखणीत आकडे लागतात.

अपघात. पोलिसांच्या नोंदीतून किमान पाच वर्षांचे पादचारी आणि सायकलस्वारांचे अपघात घ्या. एका वर्षाचा आकडा योगायोगाने वर-खाली होतो, म्हणून पाच. मृत्यू, गंभीर जखमी, किरकोळ असे वेगळे करा आणि नकाशावर टाका. इथे फसवणारी गोष्ट अशी, की नोंदीत 'अमुक चौक' एवढंच असतं आणि संगणक सगळे ठिपके चौकाच्या मध्यावर टाकतो. प्रत्यक्षात अपघात साठ मीटर पुढे, बसथांब्यासमोर झालेला असतो. सर्वांत गंभीर असे दहा-पंधरा अपघात मूळ नोंद वाचून हाताने योग्य जागी हलवा. सायकल एकटीच घसरून पडल्याच्या घटना पोलिसांकडे क्वचित जातात. रुग्णालयाची आकडेवारी नावं वगळून मिळाली तर ती दरी थोडी भरते.

मोजणी. जुन्या आराखड्यात मोजणी झाली असेल तर त्याच जागी, त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा करा. नसेल तर सहा ते दहा जागा निवडा: पूल, रेल्वे ओलांडणी, शाळा, बाजार, स्थानक. मंगळवार ते गुरुवारपैकी एका दिवशी संध्याकाळचे दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी दोन तास, पंधरा-पंधरा मिनिटांच्या खान्यांत. पाऊस, सुट्टी, परीक्षा अशा नोंदी कागदावरच करा. यंत्राने मोजणार असाल तर निदान सलग सात दिवस मोजा, कारण दोन तासांच्या आकड्यावरून वर्षाचा अंदाज काढणं फार बेभरवशाचं असतं. रस्त्यावर अंथरायची हवेची नळी पादचारी मोजत नाही. इन्फ्रारेड यंत्र शेजारी-शेजारी चालणाऱ्या दोघांना एक धरतं, म्हणून गर्दीच्या जागी ते कमी आकडा देतं. एक तास हाताने मोजून दोन्ही आकडे पडताळून पाहा.

आकडा लहान आला तर घाबरू नका आणि लपवूही नका. पुलावर सायकली दिसत नाहीत, त्या पूल भीतिदायक आहे म्हणूनही. पोहून नदी पार करणारे किती, हे मोजून पूल हवा की नको ते ठरवत नाहीत. अशा ठिकाणी संभाव्य वापर दाखवा: घर ते काम पाच किलोमीटरच्या आत असणारे किती, शाळेपासून दीड किलोमीटरच्या आत राहणारी मुलं किती. इंग्लंडमध्ये यासाठी जनगणनेच्या प्रवासाच्या आकड्यांवर आधारलेलं 'प्रपेन्सिटी टू सायकल टूल' वापरतात. नेदरलँड्सइतकं सायकल चालवणं इथे झालं तर कोणत्या रस्त्यावर किती सायकली येतील, असा अंदाज ते देतं.

रस्त्याचा ताण. मुख्य रस्त्यांना एक ते चार अशी ताणाची पातळी द्या. ही पद्धत २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेटा ट्रान्सपोर्टेशन इन्स्टिट्यूटच्या अहवालातून पुढे आली: पहिली पातळी मुलांनाही झेपणारी, चौथी फक्त निर्भीड सायकलस्वारांना. वेगमर्यादा, मार्गिकांची संख्या, सायकलला वेगळी जागा आहे का, एवढ्या माहितीवर ती काढता येते. नकाशावर पहिल्या-दुसऱ्या पातळीचे रस्ते तेवढे ठेवले, की शहर बेटांमध्ये तुटलेलं दिसतं. दोन शांत वस्त्या आणि मधून जाणारा चौथ्या पातळीचा एकच रस्ता, हे चित्र शब्दांपेक्षा जास्त सांगून जातं.

एक चौक जवळून. सगळ्या शहराच्या आकड्यांबरोबर एकच ओलांडणी बारकाईने दाखवा. समजा रस्ता १४ मीटर रुंद आहे आणि पादचाऱ्यांचा हिरवा दिवा १० सेकंदांचा. सेकंदाला १.२ मीटर या चालीने माणूस १० सेकंदांत १२ मीटर जातो, म्हणजे पलीकडचा फुटपाथ अजून दोन मीटर दूर असतो. आजींची चाल ०.९ मीटर धरली तर त्या ९ मीटरवर, वाहनांच्या मधोमध उभ्या असतात. त्यांना १५.६ सेकंद हवेत. टेप, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि अर्धा तास एवढ्यात हे होतं. परीक्षकाच्या लक्षात राहतं ते हेच.

६. कामाची व्याप्ती आणि बजेट

व्याप्ती म्हणजे नेमकं काय करणार, त्यातून काय हाती येणार आणि केव्हा. प्रत्येक कामाला एक फलित लिहा. 'लोकसहभाग' हे फलित नाही. 'आठ वस्त्यांत प्रत्येकी एक पायी फेरी, दोन भाषांत सर्वेक्षण, निष्कर्षांचा अहवाल' हे फलित आहे.

इंग्लंडच्या स्थानिक पायी-सायकल आराखड्यांसाठी २०१७ मध्ये निघालेल्या तांत्रिक मार्गदर्शिकेत सहा टप्पे आहेत: व्याप्ती ठरवणं, माहिती गोळा करणं, सायकलचं जाळं, चालण्याचं जाळं, कामांचा प्राधान्यक्रम आणि इतर धोरणांशी जोडणी. कुठल्याही शहराला हा सांगाडा उपयोगी पडतो. चालणं आणि सायकल हे टप्पे तिथे मुद्दाम वेगळे ठेवले आहेत, ते तुम्हीही वेगळेच ठेवा. एकत्र केले, की सगळा वेळ सायकल मार्गांच्या वादात जातो आणि फुटपाथ मागे पडतो. त्याच मार्गदर्शिकेसोबत पायी मार्गाच्या तपासणीचा तक्ता आहे: वीस निकष, प्रत्येकी शून्य ते दोन गुण, एकूण चाळीस. सत्तर टक्के, म्हणजे २८ गुण, ही किमान पातळी मानतात. स्वयंसेवकांना अर्ध्या दिवसात शिकवता येतो.

बजेटची विभागणी शंभर भागांत करून पाहा. व्यवस्थापन ८, माहिती आणि सद्यस्थिती १८, लोकसहभाग २२, जाळ्यांचं नियोजन २२, प्राधान्यक्रम आणि अंदाजपत्रकं २०, मसुदा, हरकती आणि मंजुरी १०. हे प्रमाण दगडावरची रेघ नाही, पण दोन आकड्यांवर ठाम राहा. लोकसहभाग पंधराच्या खाली गेला तर आराखडा पहिल्याच विरोधाला कोसळतो. आणि 'प्राधान्यक्रम आणि अंदाजपत्रकं' यात कपात करू नका. बांधकामाचा पुढचा निधी मागताना हाच भाग लागतो. पहिल्या दहा कामांचे प्राथमिक आराखडे आणि खर्चाचे अंदाज हातात नसतील, तर नवा आराखडाही जुन्यासारखाच कपाटात जाईल.

लोकसहभागात भाषांतर, दुभाषी, लहान मुलं सांभाळण्याची सोय, वेळ देणाऱ्या रहिवाशांना मानधन हे खर्च आधीच मांडा. कोणते ग्राह्य आहेत ते लेखी विचारा. जेवण-चहाचा खर्च बहुधा ग्राह्य नसतो. जे सभेला येत नाहीत त्यांच्याकडे जायचं आहे: घरकामाला पहाटे चालत जाणाऱ्या बाया, रात्रपाळीचे कामगार, सायकलवरून माल पोचवणारे. ते कुठे आणि किती वाजता भेटतील, हेही व्याप्तीत लिहा.

सल्लागाराबद्दल एक इशारा. व्याप्ती फुकट लिहून देतो म्हणणारी संस्था पुढे याच कामाच्या निविदेत उतरणार असेल, तर अडचण होऊ शकते. अमेरिकेच्या संघीय नियमांत निविदेच्या अटींचा मसुदा करणाऱ्या ठेकेदाराला त्या स्पर्धेतून वगळावं लागतं, आणि असेच नियम इतरत्रही असतात. व्याप्ती स्वतः लिहा. मदत घ्यायचीच तर शेजारच्या शहराच्या नियोजकाकडून घ्या.

७. रस्त्याच्या मालकांना आधी भेटा

शहरातले सर्वांत धोकादायक रस्ते बहुधा पालिकेचे नसतातच. राज्य किंवा राष्ट्रीय खात्याचे असतात. त्या खात्याचं साधं 'आमच्या शुभेच्छा' छापाचं पत्र निरुपयोगी आहे. पत्रात एवढं तरी हवं: कोणता अधिकारी सुकाणू गटात बसेल, कोणती माहिती देतील, आराखड्यात सुचवलेली कामं त्यांच्या वार्षिक कार्यक्रमात विचारात घेतील. बससेवा, शाळा, आरोग्य विभाग, अपंगांच्या संघटना यांच्याकडूनही पत्रं घ्या. सगळ्यांना एकच नमुना पाठवू नका. पंधरा पत्रांतली पंधराही शब्दशः सारखी असली, की परीक्षक ती मोजतो, वाचत नाही. प्रत्येकाला दोनच प्रश्न पाठवा: 'तुमच्या लोकांना आज कुठे त्रास होतो? आराखड्यासाठी तुम्ही काय द्याल?' उत्तर त्यांच्याच शब्दांत येऊ द्या.

८. लिखाण

गुणांचा तक्ता समोर ठेवा आणि त्याच क्रमाने, त्याच शीर्षकांखाली लिहा. एखाद्या निकषाला ३० गुण असतील आणि दुसऱ्याला १०, तर पानंही त्या प्रमाणात द्या. परीक्षक एका दिवसात कितीतरी अर्ज वाचतो. उत्तर शोधायला त्याला मागचं पान उलटावं लागू नये.

पायरी १ चा तक्ता पहिल्या दोन पानांत यायला हवा. जुन्या आराखड्यातली कामं राहिली ही शरमेची बाब मानून झाकू नका. का राहिली ते सांगा आणि नव्या व्याप्तीतलं कोणतं काम ते कारण दूर करतं ते लगेच पुढच्या वाक्यात लिहा. जागा नव्हती, म्हणून पार्किंगचं सर्वेक्षण. जबाबदारी कोणावर नव्हती, म्हणून अंमलबजावणीचा कक्ष आणि वार्षिक अहवाल. अशी जोडी जिथे जमत नाही, तिथे व्याप्तीत काहीतरी राहून गेलं आहे.

नकाशे कृष्णधवल छापून पाहा. लाल आणि हिरव्या रेषा करड्या होऊन एक झाल्या तर रेषेचा प्रकार बदला. काही वाचकांना लाल-हिरव्यातला फरक दिसतही नाही.

९. कागदपत्रांची यादी

योजनेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण एवढं जमवून ठेवा:

- सभेचा ठराव, सही-शिक्क्यासह
- स्वहिस्स्याचं हमीपत्र, लेखाधिकाऱ्याच्या सहीचं
- जुना आराखडा आणि त्याच्या मंजुरीचा पुरावा
- पायरी १ चा तक्ता
- अपघात, ताण आणि जाळ्याचे नकाशे. नकाशांमागची मूळ फाइलही जपून ठेवा
- मोजणीचे तक्ते, तारीख आणि हवामानासह
- व्याप्ती, वेळापत्रक, कामनिहाय बजेट
- अप्रत्यक्ष खर्चाच्या दराचा आधार
- रस्ता-मालक खात्यांची आणि भागीदारांची पत्रं
- मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल
- नोंदणी क्रमांक आणि नोंदणी चालू असल्याचा पुरावा

अप्रत्यक्ष खर्चाबद्दल थोडं. वीज, इमारत, आस्थापना यांचा वाटा काही निधी ठरावीक दराने देतात. अमेरिकेत असा वाटाघाटीशिवायचा दर ऑक्टोबर २०२४ पासून १० वरून १५ टक्के झाला. बऱ्याच पालिका हा हक्काचा पैसा मागतच नाहीत.

१०. सादर करताना

अंतिम तारखेच्या दोन दिवस आधी सादर करा. वेळ कोणत्या प्रमाणवेळेनुसार आहे ते पाहा. पीडीएफची कमाल मर्यादा, फाइलच्या नावात चालणारी अक्षरं, पानांची मर्यादा तपासा. मर्यादेबाहेरचं पान बहुधा वाचलंच जात नाही, आणि तुमचं बजेट नेमकं त्या पानावर असू शकतं. मजकुरातली, बजेटच्या तक्त्यातली, ठरावातली आणि फॉर्ममधली रक्कम या चारही ठिकाणी एकच आहे का, ते अर्ज न लिहिलेल्या माणसाकडून वाचून घ्या. पोचपावतीचा क्रमांक आणि सादर केलेली प्रत पालिकेच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवा, स्वतःच्या लॅपटॉपवर नाही.

११. निकालानंतर

मंजूर झालं तर कामाआधी करार वाचा: अहवाल तिमाही की सहामाही, बजेटच्या एका खान्यातून दुसऱ्यात किती टक्के हलवता येतं, मुदतवाढ किती आधी मागावी लागते, निविदा कोणत्या नियमांनी काढायची. निविदा आणि करार यांतच चार-सहा महिने जातात. बारा महिन्यांत आराखडा संपवू असं अर्जात लिहिलं असेल, तर हे महिने त्यात धरले होते का ते पाहा. मोजणीचा आणि शाळांच्या सर्वेक्षणाचा हंगाम हुकला की काम वर्षभर लांबतं.

नामंजूर झालं तर परीक्षकांचे गुण आणि शेरे लेखी मागा. अनेक निधी मागितल्यावर ते देतात, काही चर्चेसाठी वेळही देतात. प्रत्येक शेऱ्यापुढे 'पुरावा कमी', 'लिखाण अस्पष्ट' किंवा 'योजना चुकीची' यांपैकी एक लिहा. पहिल्याला जागेवर जाऊन मोजावं लागेल. दुसऱ्याला दोन दिवस पुरतात. तिसरं असेल तर तीच फेरी पुन्हा न लढता पायरी २ वर जा. मधल्या काळात ठराव, पत्रं आणि नोंदणी यांच्या मुदती संपतात, त्यांची नवी तारीख आजच कॅलेंडरात टाका, आणि झालेल्या-राहिलेल्या कामांचा तक्ता दर सहा महिन्यांनी जागेवर जाऊन भरत राहा.